सहा वर्षांनी धाकटी ताई

विनू माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, आणि तो मला ताई म्हणायचा. नव्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग माझ्या तोंडाकडे बघून हसू आवरतो. आमच्या घरात मात्र त्यात हसण्यासारखं काही आहे असं कधी कोणाला वाटलं नाही. मी पाचेक वर्षांची असेन, दुकानांच्या पाट्या अडखळत का होईना वाचायला लागले होते, आणि अकरा वर्षांच्या विनूच्या शर्टाची बटणं रोज खालीवर लागत होती. एक दिवस बाजारात जाताना आईने त्याचा हात माझ्या हातात दिला आणि त्याला म्हणाली, "ताईचा हात सोडू नकोस हं." बस्स. झालं माझं बारसं. त्या दिवसापासून मी मंगल होते ती ताई झाले, आणि दादा हा शब्द कोणी न हाकलता आमच्या घरातून निघून गेला. मी त्याला विनूच म्हणायचे, त्याच्यावर ओरडायचे, आणि तो माझ्याहून हातभर उंच असूनही रस्ता ओलांडताना त्याला ओढत न्यायचे.

आमची दोन खोल्यांची जागा डोंबिवली पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर होती, आणि खाली पिठाची गिरणी. सकाळी गिरणीचा पट्टा सुरू झाला की आमच्या फळीवरची स्टीलची भांडी एकमेकांना लागून किणकिणायची, आणि दुपारी एकला गिरणी थांबली की कान बधिर झाल्यासारखे वाटायचे. खिडकीच्या गजांवर, तुळशीवर, दोरीवरच्या कपड्यांवर सगळीकडे पीठ. आई दिवसातून तीनदा फडकं मारायची आणि गिरणीवाल्याचा उद्धार करायची. दळण मात्र त्याच्याकडेच टाकायची. बाबा ठाण्याला खोपटच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. संध्याकाळी घरी आले की चपला काढता काढता त्यांचा प्रश्न ठरलेला, "विनूने त्रास नाही ना दिला?" विनूने आयुष्यात कोणाला त्रास दिला नव्हता. मी "नाही" म्हणायचे. तो समोरच बसलेला असायचा, पण त्याला कोणी विचारत नसे. डॉक्टरांच्या कागदावर मतिमंद असा शब्द होता आणि तो कागद आईच्या शालूखाली ट्रंकेत होता. घरात आणि बिल्डिंगमध्ये सगळे म्हणायचे, तो साधा आहे. आता याला बरे शब्द आलेत, मीही ते चारचौघांत नीट उच्चारते. पण 'साधा' म्हणताना लोकांच्या आवाजात माया असायची, आणि एकदा साधा म्हटलं की पुढे त्याच्यासाठी काही करायची गरजही उरायची नाही. दोन्ही खरं.

आम्ही मूळचे देवगडकडचे, त्यामुळे बुधवारी आणि रविवारी घरात मासे. आई बांगड्याचं तिखलं करायची, तिरफळं ठेचून घातलेलं, आणि त्याचा वास जिन्यात खालपर्यंत जायचा. विनूच्या ताटातला बांगडा आधी माझ्या ताटात यायचा. मी मधला काटा ओढून काढायचे, मग बोटांनी चाचपून बारीक काटे, मग ते भातात कालवून ताट त्याच्यासमोर. तोवर माझा भात गार व्हायचा. लहानपणी एकदा त्याच्या घशात काटा अडकला होता, आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं, तेव्हापासून हे काम माझं. तो पंचविशीला आला, मी एकोणीसची झाले, तरी काटे काढणं चालूच. आई शेजारणींना कौतुकाने सांगायची, "आमच्यानंतर विनूची काळजी नाही हो, ताई आहे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की माझं लग्न, नोकरी, म्हातारपण सगळं मला त्याच्या आतच दिसायचं. राग यायचा. आणि खोटं कशाला बोलू, थोडी ऐटही वाटायची.

संध्याकाळी बिल्डिंगमधल्या मुली गच्चीवर जमायच्या. मी विनूचा हात धरून वर गेले की त्या सरकून दोघांपुरती जागा करून द्यायच्या, आणि मग गप्पा थांबायच्या. त्यात कोणी वाईट नव्हतं. विनू सगळ्यांकडे बघून हसत बसायचा, मुली माझ्याकडे बघून हसायच्या, आणि थोड्या वेळाने मीच म्हणायचे, "चला, आम्हाला काम आहे." कॉलेजात मी वेगळाच डाव टाकला. कोणी विचारलं की घरी कोण कोण, तर सांगायचे, आई, बाबा आणि मी. हे लिहिताना आजही माझा हात थांबला. उठून पाणी पिऊन आले. पण असं एकदा सांगितलं की कोणाला घरी बोलावता येत नाही. मग लेक्चर संपलं की वर्गातून पहिली बाहेर पडणारी मी. विनू वाट बघत असेल, असं मनाशी म्हणत घर गाठायचे. आणि तो खरंच वाट बघत असायचा.

आमची बिल्डिंग ज्यांच्या जमिनीवर उभी होती ते गणूशेठ खाडीकडच्या गावातले. त्यांचे वडील भातखाचरात आणि मिठागरात राबले, गणूशेठच्या काळात त्या खाचरांवर बिल्डिंगा आल्या, आणि त्यांनी मांडवाचा धंदा काढला. खुर्च्या, कनाती, टोप, पाट सगळं भाड्याने. एकदा आमच्या गच्चीवर कोणाचा तरी साखरपुडा होता. पंगती उठल्यावर गणूशेठची माणसं खुर्च्या आपटत, एकमेकींवर फेकत होती. विनू उठला, आणि कोणी न सांगता एकेक खुर्ची फडक्याने पुसून पायात पाय बसवून रचायला लागला. मी त्याला हाताला धरून खाली बसवलं. तो परत उठला. गणूशेठ कठड्याला टेकून हे बघत होते. दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारात.

"तुमचे पोराला माजेकडं धाडा," ते बाबांना म्हणाले. "खुर्च्या लावाला मना असाच मानूस पायजे."

बाबा कसंनुसं हसले. "अहो शेठ, तो साधा आहे हो."

"मंग? मना का वकील पायजे?"

आई आतून दाराआड येऊन उभी राहिली. बाबांनी घसा खाकरला आणि म्हणाले, ताई त्याला सोडायला येईल, आणायला येईल. गणूशेठनी मान हलवली. "नाय. त्याचा त्यो येल. कोनी हात धरून आनाचा नाय. माजे बायकोनी सांगलंय तसा." बाबांना मोठ्या माणसासमोर नाही म्हणता यायचं नाही, आणि त्यांच्या या एका अवगुणापायी विनूचं नशीब उघडलं.

गणूशेठची बायको यमुनावहिनी. धिप्पाड बाई, केसात अबोलीचा गजरा, आवाज असा की गिरणी चालू असतानाही दुसऱ्या मजल्यावर स्पष्ट ऐकू यावा. ती सकाळी आमच्या दारात आली आणि विनूला घेऊन गेली. पहिले काही दिवस ती त्याच्या पुढे चालली, वळणावर थांबून बोटाने दाखवत. मग त्याच्या बाजूने. मग एक दिवस म्हणाली, "आता तू पुढं हो. चुकलास त मी मागं हाय." आणि ती खरोखर चार पावलं मागे राहिली. तो चुकला की ती लगेच हाक मारत नसे. तो थांबायचा, डोकं खाजवायचा, मागे बघायचा, आणि कधीकधी आपणच परत फिरायचा. चार पावलांची दहा पावलं झाली, मग ती नुसती आमच्या कोपऱ्यावर उभी राहून बघायची, आणि एक दिवस आलीच नाही. मी इतकी वर्षं त्याच्याबरोबर तो रस्ता चालले होते. पण मी त्याचा हात धरून चालले होते, त्यामुळे त्याने रस्ता कधी बघितलाच नव्हता. माझ्या हाताकडे बघितलं होतं. हे मला तेव्हा कळलं नाही. तेव्हा मला ती बाई आगाऊ वाटली.

वहिनी मागे राहायची थांबली त्या दिवसापासून मी मागे जायला लागले. त्याच्या नकळत, वीसेक पावलं अंतर ठेवून, ओढणी डोक्यावरून घेऊन. आईने सांगितलं नव्हतं. आईला मी कॉलेजला जाते असं सांगत होते, आणि पहिली दोन लेक्चरं रोज बुडत होती. त्या वीस पावलांवरून मी माझ्या भावाला पहिल्यांदा पाठमोरा बघितला. तो ताठ चालायचा. कोपऱ्यावरच्या चांभाराला हात करायचा. औषधाच्या दुकानातला माणूस शटर वर करत असला की थांबून एका बाजूने धरायचा, आणि तो माणूस त्याला म्हणायचा, "या विनायकराव." विनायकराव! मी एका टपरीच्या आड उभी राहून ते ऐकलं आणि मला हसू आलं नाही. गणूशेठच्या मांडवाच्या गोडाऊनच्या फाटकातून तो आत शिरला की आतून कोणीतरी ओरडायचं, "दादूस आला रं." त्यांच्या बोलीत दादूस म्हणजे मोठा भाऊ. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून बघितलं, की कोणाचा दादूस आला.

घरी तो काही सांगायचा नाही. विचारलं की म्हणायचा, "काम आहे," आणि हात धुवायला जायचा. रोज दोनच्या आत जेवायला घरी यायचा. मी आधी धापा टाकत पोचलेली असायचे.

माझं काय चाललंय ते माझं मलाही नीट सांगता आलं नसतं. इतकी वर्षं मनातल्या मनात मी म्हणत आले होते की मला एक दिवस मोकळा मिळू दे. आता रोजची सकाळ मोकळी होती आणि ती मी त्याच्या मागे चालण्यात घालवत होते. ठाण्याला विनूसारख्या मुलांच्या पालकांच्या बैठकीला मी अजून जाते, तिथे तरुण आया विचारतात, "काकू, तुम्ही दादांना एवढं कसं शिकवलंत?" विनू आता टिटवाळ्याला दोन मित्रांबरोबर राहतो, सकाळ-संध्याकाळ एक ताई येऊन बघून जातात, बाकी घर त्या तिघांचं. मी जायचं म्हटलं तर मला सांगतो, "आधी फोन करून ये." त्या मुलींना मी म्हणते, मी काही शिकवलं नाही गं, मी आड आले होते, ते तेवढं तुम्ही करू नका. त्यांना वाटतं काकू विनयाने बोलतात.

आड आले त्याची गोष्ट अशी. तो बुधवार होता. आईने तिखलं करून ठेवलं होतं. त्या दिवशी मी कॉलेजची परीक्षा म्हणून त्याच्या मागे गेले नव्हते. दोन वाजले, अडीच वाजले, विनू आला नाही. आईचा जीव टांगणीला. तीनला मी धावत निघाले. गोडाऊनच्या फाटकाशी पोचले तर आत सावलीत सतरंजी टाकून सगळे जेवत बसले होते. दुसऱ्या दिवशी मोठी हळद होती, सामान आवरता आवरेना, म्हणून वहिनीने तिथेच भात आणि कालवण आणलं होतं. विनू मांडी घालून मध्ये बसला होता. ताटात अख्खा बांगडा. तो खाली मान घालून हळूहळू बोटांनी काटे काढत होता, आणि निघालेला एकेक काटा ताटाच्या कडेला दुसऱ्याशेजारी लावून ठेवत होता. मधला काटा आधीच निघाला होता. शेजारचा माणूस काहीतरी बोलला आणि विनू तोंड उघडून, मान मागे टाकून हसला. तसं हसताना मी त्याला आमच्या घरात बघितलं नव्हतं.

मी काय करायला हवं होतं ते आता कोणीही सांगेल. मी तरातरा आत गेले, त्याच्यासमोर बसले, त्याचं ताट माझ्याकडे ओढलं आणि त्याच्या भातात बोटं घातली. "दे इकडे. काटा अडकेल घशात. कळत कसं नाही तुला?" आणि ओढणीच्या टोकाने त्याची हनुवटी पुसली. पंचवीस वर्षांच्या माणसाची, त्याच्याबरोबर काम करणाऱ्या आठ जणांसमोर. एकजण आपल्या ताटात बघायला लागला. विनूचे कान लाल झाले. त्याने दोन्ही हातांनी ताट धरलं आणि आपल्याकडे ओढून घेतलं. जोर नव्हता त्यात, पण सोडलं नाही.

"नको, मंगल," तो म्हणाला.

मंगल. चौदा वर्षांत त्याच्या तोंडून माझं नाव मी ऐकलं नव्हतं. मला तर वाटायचं त्याला ते माहीतच नसेल. शेजारच्या माणसाने अवघडलेपण मोडायला म्हणून विचारलं, "दादूस, ही तुजी भैन काय? मोठी का धाकटी?"

विनूने घास गिळला. "धाकटी," तो म्हणाला, आणि पुढचा काटा शोधायला लागला.

म्हणजे त्याला माहीत होतं. सगळा वेळ माहीत होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून एक खोटं धरलं होतं आणि त्यातला एकटा तोच, आम्हाला बरं वाटावं म्हणून, काही न बोलता ते चालवत होता. वहिनी मला म्हणाली, "बस, तू पन जेव." मी बसले नाही. घरापर्यंत रडत गेले, आणि ते रडणं विनूसाठी नव्हतं हेही सांगून टाकते. मला त्याची गरज होती आणि त्याला माझी नव्हती, याचं ते रडणं होतं.

आई दारातच उभी होती. "सापडला का गं?"

"आहे तिथेच," मी म्हणाले. "अख्खा बांगडा दिला होता त्याला. काट्यांसकट. कोणाचं लक्षसुद्धा नव्हतं."

यातला एकही शब्द तसा खोटा नव्हता. म्हणून तर ते मला इतकं सफाईदार जमलं. आईने कपाळाला हात लावला. संध्याकाळी बाबा आले, त्यांनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "पुरे झाली ती नोकरी." विनू समोर बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मी भाजी निवडत होते, निवडत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंघोळ करून, भांग पाडून, बटणं नीट लावून दाराशी गेला. दाराला वरची कडी होती. त्याचा हात सहज पोचत होता. पण घरात कडी लावली की ती आपण काढायची नाही, हे आम्हीच त्याला शिकवलेलं. तो तिथे उभा राहिला. खाली गिरणी सुरू झाली, भांडी किणकिणायला लागली, तो उभाच. दुपारी आईने हाताला धरून जेवायला बसवलं. असं तीन आठवडे. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही. रोज सकाळी भांग पाडून दाराशी. मासे केले की आपलं ताट आपणच माझ्यासमोर सरकवायचा, "ताई, काटे." त्याने मला पुन्हा ताई म्हणायला सुरुवात केली होती. मला मारलं असतं तरी चाललं असतं. मी काटे काढायचे. कितीदा ठरवलं, आज बाबांना सांगते. संध्याकाळी बाबा विचारायचे, "विनूने त्रास नाही ना दिला?" आणि मी म्हणायचे, "नाही."

चौथ्या आठवड्यात यमुनावहिनी आली. जिना चढून आल्याने तिला धाप लागली होती. पाण्याचा तांब्या रिकामा करून तिने विचारलं, "दादूस का येत नाय?" आईने नम्रपणे, पण ठणकावून सांगितलं, की तुमचे उपकार आहेत, पण त्याला काट्यांसकट मासा देता, कोणी बघत नाही, उद्या काही झालं तर?

"काटं त्यानीच काढलं व्हतं," वहिनी म्हणाली. "एकेक काढून ताटात लावलं. तुमचे पोरीनी पायलंय. इचारा तिला."

आईने माझ्याकडे बघितलं. दाराशी उभा असलेला विनू मात्र बघत नव्हता. त्याचं लक्ष कडीकडे होतं. अजूनही 'मला दिसलं नाही' म्हणता आलं असतं, आणि आईने परक्या बाईपेक्षा माझ्यावरच विश्वास ठेवला असता. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, हे मी लपवत नाही.

"हो," मी म्हणाले. "मी बघितलं होतं. त्याला येतं. त्याला सगळं येतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तो गेला की मी काय करायचं होतं, आई?"

मला वाटतं हा प्रश्न आईने स्वतःलाही कधी विचारला नसावा. ती नुसती पदराने हात पुसत राहिली, कोरडेच हात. वहिनीने एवढ्यात विनूलाच विचारून टाकलं, "काय दादूस, येतस का?"

तो वळला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, जाऊ?"

मी उठून कडी काढली. "मला नको विचारूस," मी म्हणाले. "तू मोठा आहेस." तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला, खरं बोलतेय की नाही ते तपासल्यासारखा. मग त्याने चपला घातल्या आणि जिना उतरला. वहिनी मागोमाग उठली नाही. तिने आईकडे चहा मागितला.

चहा पिऊन ती गेली. गिरणी थांबली. आई आणि मी समोरासमोर बसून जेवलो. दोनला विनू आला नाही, आणि त्याला शोधायला कोणी निघालं नाही. मी भांडी घासली, ओटा पुसला, ओढणी घेऊन बाहेर पडायचं म्हणून दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. मी एकोणीस वर्षांची होते, पुढे अख्खी दुपार मोकळी होती, आणि अख्ख्या डोंबिवलीत मी जिचं दार वाजवावं अशी एकही मुलगी मला आठवेना.